बत्तीस इंचांची लेन्स

सोमवार, ३ फेब्रुवारी

निवृत्तीचा पहिला सोमवार. सकाळी सवयीने डबा भरला आणि मग लक्षात आलं की न्यायचा कुठे? शेवटी मी आणि मास्तरांनी (शिंपी म्हणून नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, मीही) खाली त्यांच्या दुकानात बसून अकरा वाजताच तो खाल्ला.

छत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत काढली. माणसांच्या बरगड्या, गुडघे, मणके, सगळं पाहिलं. बाई देखणी आहे की पुरुषाला मिश्या आहेत हे बघायला वेळच नव्हता. "श्वास रोखा, हलू नका, झालं, पुढचा." आता मला माणसांचे बाहेरून फोटो काढायचे आहेत. चेहरे. म्हणून कॅमेरा घ्यायचा. फोनवरचा नाही, खरा.

जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "घे की." एवढंच. मी भांडायच्या तयारीने बसले होते, माझी सगळी तयारी वाया गेली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती म्हणाली, "आई, फोनमध्ये कॅमेरा असतो गं." म्हटलं, तुझ्या बाबांच्या हातात सुई आहे, तरी त्यांना शिलाई मशीन लागतंच ना? निवृत्तीच्या पैशांतली एक ठरावीक रक्कम बाजूला काढली आहे. त्यापलीकडे एक पैसा जाणार नाही, ठेव मोडायची नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच मला दाखवता येईल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले होते. दुकानदार सतत एका रबरी फुग्याने कॅमेऱ्यांवर हवा मारत असतो. धूळ उडावी म्हणून म्हणे. बोलता बोलता माझ्या चष्म्यावरही एकदा मारली. मी त्याचं नाव फुगेवाला ठेवलंय.

त्याचं म्हणणं असं: बॉडी म्हणजे कॅमेऱ्याचं धड, ते दर दोन वर्षांनी शिळं होतं. लेन्स टिकते. म्हणून पैसे कमी असतील तर धड जुनं घ्या आणि डोळा चांगला घ्या. पटलं. आमच्याकडेही नवी यंत्रं यायची, पण फिल्म वाचणारा चांगला नसेल तर काय उपयोग?

आता माझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक, नवं धड आणि त्याच्यासोबत येणारी सर्वसाधारण लेन्स, जी सगळं करते आणि काहीच मन लावून करत नाही. दोन, जुनं धड आणि ही भली मोठी लांबची लेन्स, जिच्यातून समोरच्या गच्चीवरचा कावळा शेजारी येऊन बसतो. तीन, जुनं धड आणि छोटी पन्नास मिलिमीटरची, म्हणजे 'पन्नासची' लेन्स. तिला मागेपुढे करता येत नाही. आपणच पुढे जायचं किंवा मागे सरायचं. पण चेहरे काय सुंदर येतात तिच्यात!

माझी द्विधा बघून फुगेवाल्याने अनामत घेऊन जुनं धड आणि दोन्ही लेन्स महिनाभर वापरायला दिल्या. म्हणाला, "घरी नेऊन वापरा काकू. लग्न नाहीये, आधी बघता येतं."

शनिवार, ८ फेब्रुवारी

हे लिहू की नको असं झालंय. पण दैनंदिनीला काय लाजायचं?

आज अंधार पडताना आम्ही दुकान बंद करून वर येत होतो. जिन्यातला दिवा महिनाभर गेलेलाच आहे. पहिल्या पायरीवर मास्तरांनी माझा हात धरला. मनगट नाही, हात. बोटांत बोटं घालून. दुसऱ्या मजल्यापर्यंत सोडला नाही. काल पण धरला होता. परवा पण. मी आधी घरी यायचे रात्री आठला, तेव्हा आम्ही जिन्यात कधी बरोबर नसायचोच. म्हणजे हे निवृत्तीचं फळ म्हणायचं!

एवढंच नाही. दिवसातून दहादा मला बोलावतात. "अगं, जरा सुईत दोरा ओवून दे." चाळीस वर्षं शिंपीकाम करणारा माणूस, त्याला दोरा ओवायला बायको हवी? मी म्हटलं, "काय हो, हात दुखतात का?" तर म्हणाले, "तू ओवलास की शिलाई सरळ येते." घ्या! लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेव्हा सुचलं नाही हे. कटिंगच्या टेबलाच्या पलीकडे त्यांनी माझ्यासाठी स्टूलही ठेवलंय. मी तिथे बसून पेपर वाचून दाखवते. स्वतः वाचतच नाहीत. "तुझ्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात."

लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. हसेल मेली.

रविवार, ९ फेब्रुवारी

दिवसभर फोटो. शेजारच्या आजी, खालचा इस्त्रीवाला, जिन्यात उलटा उभा केलेला केरसुणीसारखा पोछा. पन्नासच्या लेन्सवर जीव जडलाय माझा.

रात्री मास्तरांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवत होते. आजींना "छान" म्हणाले. पोछ्याला म्हणाले, "हा आजींचा आधीच्यापेक्षा बरा आलाय. केस मोकळे सोडलेत." मी हसून हसून पलंगावर आडवी झाले. तेही हसले, पण थोडं उशिरा. हा माणूस चेष्टा करायला लागला की चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कॅमेऱ्यात खोट आहे. डोळा लावायच्या खिडकीशेजारी अधिक-वजाच्या खुणांची एक बारकी चकती असते. आपल्या नजरेप्रमाणे ती फिरवायची, म्हणजे आतलं चित्र आपल्याला स्वच्छ दिसतं. मी ती माझ्यासाठी लावून ठेवते. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर चकती वजाच्या पार टोकाला जाऊन बसलेली. सगळं धुकं. आज सलग तिसऱ्यांदा.

मास्तर म्हणाले, "जुना माल आहे, घसरत असेल." मग म्हणाले, "पण ती मोठी लेन्स मात्र झकास आहे हं. तीच घे."

मला कळेना. मला चेहरे काढायचे आहेत हे यांना शंभरदा सांगितलंय. मोठी लेन्स पाच फुटांच्या आत माणसाला ओळखच दाखवत नाही! पण त्यांना वाटत असेल, बायकोने छोट्यावर भागवू नये. मन मोठं आहे माणसाचं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज दोन भांडणं केली. दोन्ही जिंकले.

पहिलं दुकानात. एका गिऱ्हाइकाने काळी पँट परत आणली, खालची पट्टी निळ्या दोऱ्याने शिवलेली. मास्तर पट्टीवरून नुसता अंगठा फिरवत उभे. मीच पुढे झाले. म्हटलं, "दिव्याखाली काळा आणि गडद निळा सारखाच दिसतो. चाळीस वर्षांत एकदा चुकले तर एवढं काय?" तो पँट ठेवून गेला. मास्तर म्हणाले, "दोनदा झालंय हे या महिन्यात." म्हटलं, "बल्ब बदला."

दुसरं फुगेवाल्याकडे. त्याने चकती फिरवून बघितली, हवा मारली, परत फिरवली. "काकू, ही घट्ट आहे. आपोआप हलणार नाही. कुणीतरी फिरवतंय." मी म्हटलं, घरात आम्ही दोघंच. मी फिरवत नाही आणि मास्तर कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. तो बिचारा वाद न घालता दुसरं धड देऊन मोकळा झाला.

एक लिहायचं राहिलं: काल बाजारातून येताना बसमधून उतरले आणि सहज वर पाहिलं. आमच्या खिडकीत काहीतरी चमकलं आणि आत गेलं. उन्हाची तिरीप असेल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नव्या धडाचीही चकती टोकाला. वजाच्याच.

मी कॅमेरा हातात घेऊन पलंगावर बसले. आमच्या कामात पहिल्या वर्षी शिकवतात: दोन वेगळ्या पेशंटच्या फिल्मवर एकाच जागी डाग दिसला, तर तो डाग पेशंटमध्ये शोधायचा नाही. दोन्ही फिल्म ज्यातून गेल्या तिथे शोधायचा. दोन धडं, एकच रोग. म्हणजे रोग घरात आहे.

मग एकेक आठवत गेलं. निळा दोरा. सुई. पेपर. पोछ्याचे मोकळे केस. जिना.

छत्तीस वर्षं मी हाडांतली केसाएवढी भेग पकडली. आणि माझ्यासमोर दोन डोळ्यांची बत्ती विझत चालली होती ती मला दिसली नाही. मला वाटत होतं, माणूस प्रेमात पडलाय.

खाली गेले. ते इस्त्री फिरवत होते. मी विचारलं, "चकती तुम्ही फिरवता ना?"

इस्त्री उभी ठेवली त्यांनी. म्हणाले, "टोकाला नेली की जरा बरं दिसतं. तेवढीच फिरते. आणखी फिरली असती तर बरं झालं असतं."

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं. आधी धुरकट व्हायचं. आता दुधातून बघतोय असं वाटतं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"काय सांगू? शिंप्याचे डोळे गेले म्हणजे शिंपी गेला. घाबरलो होतो, बस." मग म्हणाले, "आणि सांगितलं असतं तर तू कॅमेऱ्याचे पैसे आधी माझ्या डोळ्यांवर घातले असतेस. ओळखतो मी तुला."

मला इतका राग आला की रडूच आलं. म्हटलं, "आणि त्या कॅमेऱ्यातून बघता तरी काय एवढं?"

"त्या मोठ्या लेन्सने बसथांबा दिसतो खिडकीतून. बस आली की बघतो. तू उतरलीस की कळतं. चालण्यावरून. मग चहा टाकतो."

खरं तर गेले काही दिवस मी दारात आले की चहा नुकताच उकळलेला असतो. मला वाटायचं, योगायोग.

रविवार, १६ फेब्रुवारी

डॉक्टरांची वेळ घेतली. बुधवारची.

एक गोष्ट लिहून टाकते आणि मग तिच्याबद्दल बोलणार नाही. काल संध्याकाळी जिन्यात त्यांनी हात धरला तेव्हा मी मोजून मोजून पायरी सांगत होते, "आता वळण, आता शेवटची." आणि आतून काहीतरी तुटत होतं. तो हात जिन्यासाठी होता. माझ्यासाठी नव्हता. आंधळ्याने काठी धरावी तसा. वेडे, अठ्ठावन्नाव्या वर्षी तुला काय वाटलं होतं?

डोळे जाताहेत त्यांचे आणि रडू मला माझं येतंय. काय ही स्वार्थी बाई.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगलाच पिकलेला. डोळ्यांची डॉक्टर तरुण आहे, गोड आहे, पण चिडली. "काका, एवढं कशाला थांबलात? हे बरं होतं." बरं होतं! रागावायचं कुणावर तेही सुचेना.

मग तिने एक तक्ता पुढे ठेवला. आतली खराब लेन्स काढून नवी बसवतात. ती कुठली हे आपण निवडायचं. मला हसू आलं. दोन आठवडे मी दुसरं करतेय तरी काय!

एक लेन्स सगळ्या अंतरांची. जवळ, मध्ये, लांब, बहुतेक चष्मा लागत नाही. पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि चित्र थोडं फिकं वाटू शकतं. शिवाय महाग. दुसरी एकाच अंतराची. तेवढ्या अंतरावर लख्ख, बाकीसाठी चष्मा. ही परवडणारी.

दोन डोळ्यांच्या महागड्या लेन्स म्हणजे माझी सगळी कॅमेऱ्याची रक्कम. मी म्हटलं, "सगळ्या अंतरांची घाला."

मास्तर म्हणाले, "एकाच अंतराची."

"अहो, पैशांचं बघू नका."

"पैशांचं नाही गं. तूच म्हणतेस ना, सगळं करणारी काहीच मन लावून करत नाही."

माझेच शब्द माझ्याच अंगावर. डॉक्टर हसली. तिने विचारलं, "मग काका, कुठे स्वच्छ दिसायला हवं? लांबचं घेतात बरेच लोक, रस्ता, गाड्या. तुमचं काम सुईचं, तर अगदी जवळचंही ठेवता येईल. बाकीला चष्मा."

मला खात्री होती की सुई. किंवा बसथांबा. मास्तरांनी मांडीवर बोटांनी काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "बत्तीस इंच."

"बत्तीस?"

"कटिंगच्या टेबलाचं अंतर आहे. सुईला चष्मा लावीन. रस्त्यालाही लावीन. बत्तीस इंचांवर मला चष्मा नको."

डॉक्टरने लिहून घेतलं. म्हणाली, अगदी इंचावर मोजून नाही जमणार, पण त्या आसपास ठेवू. मास्तर म्हणाले, "अर्धा इंच मी सांभाळून घेईन. शिंपी आहे मी."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

एक किडा डोक्यात वळवळत होता. दुपारी हे झोपले तेव्हा खाली जाऊन टेप घेतली. कटिंगचं टेबल मोजलं. रुंदी सव्वीस इंच. वर उभं राहून कापड बघायचं तर त्याहूनही कमी. मग हे बत्तीस कुठून आले?

ज्याचा टेपेशिवाय हात चालत नाही तो माणूस सहा इंचांनी चुकेल का?

उठल्यावर विचारलंच. ते तोंड धूत होते. टॉवेलमधून म्हणाले, "टेबलाच्या पलीकडे स्टूल असतं ना."

"मग?"

"मग काय मग? त्यावर बसून कुणीतरी पेपर वाचतं. मी आवाज ऐकतो दोन वर्षं. आधी सुट्टीच्या दिवशीच ऐकायचो. आता रोज आहेस तर बघावं म्हटलं."

मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण कपबश्या विसळल्या.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काल उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी बाहेर बाकावर बसून होते. आयुष्यभर लोकांना "काही होत नाही, एका मिनिटाचं काम" म्हणत आले. बाकावर बसलं की ते वाक्य किती पोकळ असतं ते कळलं.

आज पट्टी काढली. मी समोर उभी. डॉक्टरने विचारलं, "काका, काय दिसतं?" मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग पुढे झुकले, मागे सरले, त्यांना हवं ते अंतर सापडलं तिथे थांबले.

"तू केस रंगवणं कधी सोडलंस?"

"दोन वर्षं झाली."

"सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही सांगितलंत?"

डॉक्टर हसू आवरायला खिडकीकडे वळली. मास्तर म्हणाले, "चांगली दिसतेस." डॉक्टरसमोर! मला कुठे तोंड लपवू असं झालं, पण लपवलं नाही. त्यांनी इतक्या दिवसांनी बघितलं होतं, बघू दे म्हटलं मनभर.

मंगळवार, ४ मार्च

कॅमेरा घेतला. रक्कम पुरली. डोळ्यांतल्या एकाच अंतराच्या लेन्सने निम्मी वाचवली आणि त्या निम्म्या पैशांत जुनं धड आणि एक लेन्स व्यवस्थित बसली. फुगेवाल्याने विचारलं, "काकू, लेन्स कुठली मग? काका मोठीबद्दल बोलत होते म्हणालात."

मी म्हटलं, "मला बत्तीस इंचांवरचा चेहरा काढायचाय."

त्याने हवा मारायचा फुगा खाली ठेवला. "मग पन्नासची," म्हणाला. "मोठी त्या अंतरावर चालायचीच नाही."

मोठी लेन्स परत केली. काचेच्या कपाटात ती आत गेली तेव्हा थोडं वाईट वाटलं. बिचारीने चहा वेळेवर होऊ दिला होता. आता मास्तरांना रस्त्यासाठी चष्मा मिळेलच.

दुकानात स्टुलावर बसून पहिला फोटो काढला. मास्तर टेबलापलीकडे, नाकावर सुईचा चष्मा, त्याच्या वरून माझ्याकडे बघताहेत. मी म्हटलं, "श्वास रोखा, हलू नका." ते म्हणाले, "मोडलंय का काही?" आणि हसले. फोटो थोडा हललाय. तोच ठेवणार आहे.

गुरुवार, १३ मार्च

दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाली, उत्तम. काळा दोरा, निळा दोरा, दोन्ही हातभर अंतरावरून ओळखून दाखवले तिला. चष्मा लावून जिनाही उतरून दाखवला, कुणाचा आधार न घेता. बसमध्ये खिडकीशी बसून पाट्या वाचत होते मोठ्याने, लहान मुलासारखे. मी म्हटलं, हळू, लोक बघताहेत. म्हणाले, "बघू देत, मी पण त्यांना बघतोय."

घरी पोचलो तेव्हा भर दुपार होती. जिन्यात नवा दिवा बसवलाय मी, गेल्याच आठवड्यात, आणि तो दिवसाही जळत होता. त्यांना आता हाताची गरज नव्हती. मी मुद्दाम दोन पायऱ्या पुढे झाले. मनाशी म्हटलं, लाज वाटायला नको त्यांना. आणि खरं लिहायचं तर, हात रिकामा राहिलेला मला बघायचा नव्हता.

"थांब जरा," मागून आवाज आला.

थांबले. त्यांनी वर येऊन माझा हात घेतला. बोटांत बोटं.

मी म्हटलं, "अहो, दिवा लागलाय."

"दिसतंय की मला," ते म्हणाले, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत सोडला नाही.